पडद्यावरच्या दुकानाची भाडेवाढ

जुम्याची नमाज आटोपून घरी आलो, तर आपाचा मुलगा ओट्यावर बसलेला. चेहरा उतरलेला. जेवायला बस म्हटले तर म्हणाला, "भूक नाही मामू. भाडं वाढवलंय."

"किती?"

"चारशेचे सहाशे. आठवड्याला."

मी चमकलो. आमच्या चाळीसगावात आठवड्याने भाडे घेणारा मालक मी अजून पाहिलेला नाही. उरुसाच्या दिवसांतले स्टॉल सोडले, तर इथे सगळा हिशोब महिन्याचा असतो. शिवाय या पोराने दुकान घेतले कधी? तो तर दिवसभर घरीच कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. मी विचारले तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक रस्ता होता, रस्त्याला झाडे, आणि झाडांमागे काचेच्या दारांचे एक टुमदार दुकान. आत सोफे, पलंग, झुंबरे मांडलेली. "हे माझं दुकान," तो म्हणाला.

लॉकडाउनच्या काळात तो कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्रे काढायला शिकला, एवढे मला माहीत होते. ती चित्रे तो विकतो, हेही कानावर होते. पण विकण्यासाठी पडद्यावरच्या एका जगात त्याने जागा भाड्याने घेतली आहे आणि त्या जागेला मालक आहे, हे मला त्या दिवशी समजले. मालकाचे खरे नाव त्याला माहीत नाही. गाव माहीत नाही, देशही माहीत नाही. फक्त एक टोपणनाव आणि मंगळवारी आलेला निरोप: रविवारपासून नवे भाडे. ज्यांनी पुढचे पैसे आधीच भरले आहेत त्यांनीही फरक भरावा, नाहीतर सामान काढून घ्यावे.

पोराने बारा आठवड्यांचे भाडे आगाऊ भरले होते, ४,८०० रुपये. त्यातले चार आठवडे झाले होते, आठ बाकी होते. म्हणजे लगेच १,६०० रुपये फरक, आणि पुढे वर्षाला दहा हजारांवर जादा बोजा. ज्यांची मिळकत मोठी त्यांना हे हसण्यावारी वाटेल. पण आपाचे घर तिच्या शिलाई मशिनवर चालते. ते ४,८०० रुपये आले होते तिच्याच डब्यातून.

आणि खरी गोष्ट यापुढची होती. पोराच्या डोक्यात एक उपाय शिजत होता. "मामू, भाड्यानं राहिलो की असंच होणार. मी तिथं स्वतःची जमीन घेतो. अम्मी बांगड्या द्यायला तयार आहे."

त्या वाक्याने माझीच भूक मेली.

जागा नाही, तरी भाडे

असे जग असते तरी कसे? मलाही नीट माहीत नव्हते. पोराकडून समजून घेतले, काही स्वतः वाचले. वाचकांपैकी अनेकांच्या घरात अशी मुले-मुली असतील, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

या प्रकारातले एक जुने आणि नावाजलेले जग म्हणजे 'सेकंड लाइफ'. अमेरिकेतल्या लिंडन लॅब या कंपनीने ते २००३ मध्ये सुरू केले. हा नेहमीसारखा खेळ नव्हे. इथे हरणे-जिंकणे नाही, शत्रू मारायचा नाही. माणूस स्वतःचे एक रूप घेतो, फिरतो, बोलतो, घर बांधतो, कपडे शिवतो, वस्तू विकतो. तिथले चलन 'लिंडन डॉलर', आणि ते खऱ्या डॉलरमध्ये बदलून घेता येते. म्हणूनच तिथे धंदा उभा राहिला.

धंदा आला की जागा आली. तिथल्या जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटरचा धरतात. प्रत्यक्षात ती जमीन म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवरची जागा आणि त्याची ताकद. वीज, यंत्रे, देखभाल यांचा खर्च कंपनीला असतो, तो ती दरमहा वसूल करते. पूर्ण बेटासाठी अनेक वर्षे महिन्याला २९५ डॉलर हा दर होता. एवढे सगळ्यांना परवडत नाही. मग एकजण पूर्ण बेट घेतो, त्याचे तुकडे पाडतो आणि लहान दुकानदारांना भाड्याने देतो. जागेवर भाड्याची एक पेटी उभी असते. तिच्यात पैसे भरले की मुदत पुढे सरकते, मुदत संपली की मालक जागा मोकळी करून सामान परत पाठवतो.

या भाड्याच्या धंद्यावर मोठी माणसे झाली. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्रेफ या बाईंनी 'आन्शे चुंग' या टोपणनावाने तिथे जमिनी घेतल्या, सजवल्या, भाड्याने दिल्या. मे २००६ मध्ये 'बिझनेसवीक' या अमेरिकी साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे तिथले रूप छापले. पडद्यावरच्या जमिनीतून दहा लाख डॉलरची मालमत्ता उभी करणारी पहिली व्यक्ती म्हणून त्यांचे नाव जगभर झाले.

अशा बातम्या वाचल्या की आपल्या पोरांना वाटते, जमीन घ्यावी. पण त्याच जगात २००८ साली काय झाले, तेही त्यांनी वाचले पाहिजे.

मालकाचाही मालक

पूर्ण बेट महाग, म्हणून कंपनीने हलक्या वापराची स्वस्त जागा काढली होती. समुद्र, जंगल, मोकळे माळ असे काही दाखवायला ती होती. महिन्याला ७५ डॉलर. पण लोकांनी तिथे घरे बांधली, दुकाने थाटली, भाडेकरू ठेवले. गर्दी वाढली, यंत्रांवर ताण आला. ऑक्टोबर २००८ च्या शेवटी कंपनीने जाहीर केले की जानेवारीपासून हा दर १२५ डॉलर होईल. म्हणजे एकदम ६६ टक्के वाढ, आणि मुदत दोन महिन्यांची.

लोक खवळले. ज्यांनी जागा घेऊन पुढे भाड्याने दिल्या होत्या, त्यांना भाडेकरूंवर वाढ लादणे भाग होते. नाहीतर पदरचे घालायचे. त्या पडद्यावरच्या जगात लोकांनी फलक घेऊन निदर्शने केली. शेवटी कंपनी थोडी नमली. जानेवारी २००९ पासून ९५ आणि जुलैपासून १२५, अशी वाढ दोन टप्प्यांत जाहीर केली. ज्यांना ७५ मध्येच राहायचे होते त्यांना राहू दिले, पण तिथे फारच थोडे सामान ठेवता येईल आणि राहता येणार नाही, अशा अटी घातल्या. अनेकांनी जागा सोडल्या.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या जगात जो 'मालक' म्हणवतो तोही भाडेकरूच आहे. त्याच्या वर कंपनी आहे. त्याला महिन्याचे पैसे भरावेच लागतात. न भरले तर जमीन गेली. जमीन 'विकत' घेतली म्हणून भाडे चुकत नाही, ते फक्त वरच्या मालकाला द्यावे लागते.

आणि वरच्या मालकाने खातेच बंद केले तर? मार्क ब्रॅग नावाचा अमेरिकेतला एक वकील तिथे जमिनीचा व्यवहार करी. २००६ मध्ये त्याने लिलावात ३०० डॉलरला एक जमीन घेतली. ती चुकीच्या मार्गाने घेतली, असे म्हणत कंपनीने त्याचे खाते बंद केले आणि त्याची इतर मालमत्ताही गेली. तो कोर्टात गेला. तुझे म्हणणे लवादापुढे मांड, असे आमच्या अटींत लिहिले आहे, असा कंपनीचा बचाव होता. मे २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फेडरल कोर्टाने ती अट एकतर्फी ठरवली आणि खटला चालू ठेवला. त्याच वर्षी दोघांनी आपसांत समझोता केला.

निकाल ग्राहकाच्या बाजूचा वाटला, तरी विचार करा. तो स्वतः वकील होता, त्याच देशात राहणारा होता. चाळीसगावच्या पोराने आठवड्याच्या दोनशे रुपयांसाठी सातासमुद्रापार कुठल्या कोर्टाची पायरी चढायची? भाडेकरू आणि जागामालक यांच्या भांडणात आपण पडत नाही, असे लिंडन लॅब स्वतःच सांगते.

आपल्याकडे काय असते

माझे वालिद चाळीसगावात भाड्याच्या गाळ्यात घड्याळे दुरुस्त करत. गाळ्याचे मालक शेठजी दर दोन-तीन वर्षांनी येत, बाकावर बसत, चहा घेत आणि हळूच म्हणत, "खर्च वाढला हो." वालिद म्हणत, "गिऱ्हाईक वाढू द्या शेठजी." कधी आकडा अर्ध्यावर तुटे, कधी वालिद भिंतीला रंग स्वतः काढून घेत आणि त्या वर्षाची वाढ टळे. पण एक गोष्ट ठरलेली. पैसे दिले की पावती. त्या सगळ्या पावत्या पत्र्याच्या पेटीत.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नड घाटाकडच्या डोंगरात मुसळधार पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी या नद्या फुगल्या आणि पाणी शहरात शिरले. चाळीसगावकरांना तो दिवस सांगावा लागत नाही. आमच्या गाळ्यातही चिखल झाला. पेटी माळ्यावर होती म्हणून पावत्या वाचल्या. शेठजींचा मुलगा दुसऱ्या दिवशी चिखलात उभा राहून म्हणाला, "या महिन्याचं राहू द्या." आमच्यात वाद झाले नाहीत असे नाही. पण वाद घालायला समोर माणूस होता.

माणूस चांगला नसला तर कायदाही आहे. जुना मुंबई भाडे कायदा १९४७ सालचा. त्यात अनेक जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधली गेली होती. पन्नास-साठ वर्षांनंतरही मालकाला तेच भाडे मिळे, मग तो दुरुस्ती कशाला करील? डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवलेले भाडे गैरवाजवी असल्याचे म्हटले. त्यानंतर 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९' आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

ज्या भाडेकरूंना हा कायदा लागू आहे, त्यांच्यासाठी त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करता येते. भाडे थकले तरी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून जागा खाली करण्याचा दावा लावता येत नाही. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. घेतलेल्या पैशांची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती झाली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरले जाते, उलट सिद्ध करणे मालकाकडे.

आता पुण्या-नाशकात शिकायला, नोकरीला जाणारी आपली मुले बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहतात. त्यांची वाढ करारात लिहिली असेल तशी होते, म्हणून सही करण्याआधी वाढीचे कलम वाचावे. हा करार आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या नोंदवता येतो. "नोंदणीला फार खर्च येतो" असे म्हणून कोणी टाळत असेल तर ते खरे नाही. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे, पण तेही एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशोबाने निघते.

पडद्यावरच्या जागेला यातले काहीच लागू होत नाही. ती जागा कायद्याच्या नजरेत घर नाही, गाळा नाही. ती फक्त एक सेवा आहे आणि तिच्या अटी म्हणजे आपण न वाचता ज्यावर 'मान्य' दाबतो ते लांबलचक पान.

इजाऱ्याची जुनी शिस्त

आपल्याकडे भाड्याच्या व्यवहाराला इजारा म्हणतात. फिकहच्या किताबांत त्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मी आलिम नाही, पण मदरशात शिकलेले मूळ सूत्र साधे आहे. भाडे किती, मुदत किती आणि कशाच्या वापरासाठी, या तीन गोष्टी दोघांनाही आधी स्पष्ट हव्यात. ठरलेल्या मुदतीत एकाने आपल्या मर्जीने दर बदलायचा नाही. मुदत संपली की दोघेही मोकळे. मालक जास्त मागू शकतो, भाडेकरू उठू शकतो. आणि व्यवहार लिहून ठेवण्याबाबत सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सगळ्यात लांब आयत, कोणाला ठाऊक नाही?

पोराला मी हेच विचारले. "बारा आठवड्यांचे पैसे त्याने घेतले, म्हणजे बारा आठवड्यांचा दर ठरला. मग मधेच फरक कसा मागतो? लिहिलेलं काही आहे का?"

"पेटीवर काहीतरी लिहिलं होतं मामू. वाचलं नाही."

या जगात मुलांनी आणखी काय टाळावे, हेही या निमित्ताने सांगतो. सेकंड लाइफमध्ये एकेकाळी जुगाराचे अड्डे होते, जुलै २००७ मध्ये कंपनीने ते बंद केले. तिथे 'बँका'ही निघाल्या होत्या. 'गिंको फायनान्शियल' नावाची अशीच एक वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज सांगत असे. ऑगस्ट २००७ मध्ये ती बुडाली आणि ठेवीदारांचे सुमारे साडेसात लाख डॉलरइतके पैसे गेले. जानेवारी २००८ पासून कंपनीने परवान्याशिवाय बँक चालवायला बंदी केली. व्याज आपल्याला हराम आहेच. पण चाळीस टक्के कोणी कशातून देईल, हा साधा प्रश्न ज्यांनी विचारला नाही त्यांचे मुद्दलही गेले.

गावच उठले तर

भाडेवाढीपेक्षा मोठी एक भीती असते, गावच उठण्याची. फेसबुकवर शेती करण्याचा 'फार्मव्हिल' हा खेळ अनेकांना आठवत असेल. २००९ मध्ये आला, लोकांनी खरे पैसे घालून त्यात वाड्या सजवल्या, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी तो बंद झाला. गूगलने जुलै २००८ मध्ये 'लाइव्हली' नावाचे पडद्यावरचे जग काढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गुंडाळले. मायक्रोसॉफ्टने 'अल्टस्पेस' हे जग मार्च २०२३ मध्ये बंद केले. यातली एकही कंपनी गरीब नव्हती.

आपल्याच देशातले उदाहरण तर ताजे आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. सप्टेंबरमध्ये आणखी ११८ ॲप गेले, त्यात पबजी मोबाइल होते. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती, तो विषय वेगळा. पण गावोगावच्या ज्या मुला-मुलींनी टिकटॉकवर वर्षभर राबून लाखभर चाहते जमवले होते, त्यांचा पसारा एका रात्रीत नाहीसा झाला. तो हलवून दुसरीकडे नेता येत नव्हता.

मग जमीन विकत घेणे? ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने नाव बदलून 'मेटा' केले आणि अशा जगांच्या जमिनींची जगभर हवा झाली. पुढच्याच महिन्यात 'डिसेंट्रालँड' या जगातला एक तुकडा सुमारे २४ लाख डॉलरला गेला. त्यानंतर या जमिनींचे भाव कोसळले. ज्यांनी हवेत खरेदी केली ते आजही गिऱ्हाईक शोधत आहेत. आपल्याकडे क्रिप्टो आणि तशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या मिळकतीतून वजाही करता येत नाही.

हे सगळे मी आपाला तिच्या मशिनशेजारी बसून सांगितले. ती ऐकत होती, पाय मशिनवर चालूच होता. शेवटी म्हणाली, "भैया, बांगड्या गेल्या तरी चालतील, पण पोराचं मन मोडायला नको."

मी म्हटले, "आपा, मन मोडणार नाही. दुकान चालवू. पण बांगड्या कपाटातच राहतील."

मग आम्ही काय केले

त्या रात्री मामू-भाचा दोघे बसलो. वालिदांची पत्र्याची पेटी आठवली. पहिले काम, पावत्या. त्याने पैसे भरल्याचे सगळे संदेश, तारखा, पेटीवरच्या मजकुराचे फोटो एका ठिकाणी जमवले. पेटीवरचा मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला. त्यात लिहिले होते की दर बदलल्यास तो पुढच्या भरण्यापासून लागू होईल. म्हणजे मालकाने स्वतःच लिहिलेले तो विसरला होता.

दुसरे काम, शेजारी. त्याच रस्त्यावर आणखी सहा-सात दुकाने होती. कोणी ब्राझीलचा, कोणी केरळचा. पोराने सगळ्यांना विचारले. सगळे आपापल्या जागी कुढत होते, कोणी बोलले नव्हते. पाच जणांनी मिळून एकच निरोप पाठवायचे ठरवले.

तिसरे काम, भाषा. पोराचा पहिला मसुदा भांडणाचा होता. मी म्हटले, शेठजींशी तुझे नाना असे कधी बोलले नाहीत. मग त्याने लिहिले, त्याचा सारांश असा: आम्ही वेळेवर पैसे भरणारे जुने भाडेकरू आहोत. भरलेल्या आठवड्यांना जुनाच दर राहील असे तुमच्याच पेटीवर आहे. तुमचा खर्च वाढला असेल तर किती, ते सांगा. आम्ही तीन महिन्यांचे एकदम भरू, दर मधला ठेवा.

चौथे काम सगळ्यात महत्त्वाचे. उत्तर यायच्या आत निघायची तयारी. सगळ्या वस्तूंच्या मूळ फाइली त्याने घरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. जुन्या गिऱ्हाइकांची यादी केली. त्याच जगात दुकानाशिवाय यादीवरून विक्री करण्याची सोयही होती. तिथे भाडे नाही, विकले तर दलाली. त्याने हिशोब मांडला तेव्हा कळले की निम्म्याहून जास्त विक्री त्या यादीवरूनच होत होती. दुकान होते शोभेला! आठवड्याला हजार-बाराशे यायचे, त्यातले चारशे शोभेला जात होते.

तीन दिवसांनी उत्तर आले. भरलेल्या आठवड्यांना जुना दर राहील, पुढे पाचशे. वरचा खर्च वाढलाय, याहून खाली परवडत नाही, असेही लिहिले होते. खरे-खोटे कोण तपासणार? पण उत्तर सभ्य होते. पाचातल्या तिघांनी पाचशे मान्य केले. आमच्या पोराने आठ आठवडे पुरे केले आणि मग त्याच रस्त्यावर निम्म्या आकाराची जागा अडीचशेला घेतली. झुंबरे गेली, सोफे राहिले. विक्रीत फार फरक पडला नाही.

१,६०० रुपये वाचले. बांगड्या वाचल्या, हे मोठे.

घरात बोलून ठेवावे असे काही

ज्यांच्या घरी मुले ऑनलाइन काही विकतात, खेळात खर्च करतात किंवा पडद्यावर जागा घेतात, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून आणि वाचनातून निघालेल्या या गोष्टी.

१. भाडे किती, मुदत किती, वाढ केव्हा आणि कशी, हे पैसे भरण्याआधी वाचा आणि त्या पानाचा फोटो ठेवा. अटी नंतर बदलल्या तर जुन्या अटींचा पुरावा तुमच्याकडेच असेल.

२. स्वस्त पडते म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. अनोळखी मालकाकडे जेवढे गेले तर सोसवेल, तेवढेच आगाऊ ठेवा.

३. वस्तू, चित्रे, फोटो, गिऱ्हाइकांची यादी यांची एक प्रत नेहमी घरी ठेवा. दुकान परक्या जागेत असले तरी माल आपल्या घरी हवा.

४. भाडे विक्रीच्या हिशोबात बसते का, हे महिन्यातून एकदा वहीवर मांडा. वही मुलाने लिहावी, आईने पाहावी.

५. कार्डातून किंवा यूपीआयवरून पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी दिली असेल तर ती कुठे-कुठे दिली आहे ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे. तो संदेश न वाचता पुसू नका, नको असेल तर तिथेच थांबवता येते.

६. अठरा वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करता येत नाही. त्याचा धंदा असेल तर खाते, पैसे, अटी सगळे आई-वडिलांच्या नजरेखाली असावे.

७. देशातल्या कंपनीने ठरलेली सेवा दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. फसवून पैसे काढले गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

८. कर्ज काढून किंवा दागिने मोडून पडद्यावरची जमीन घेऊ नका. तिथला मालकही कोणाचा तरी भाडेकरू असतो.

मुलांच्या या कामाला नावे ठेवू नये, असे मला आता वाटते. आपल्या गावातून बाहेर पडण्याची रेल्वे पूर्वी एकच होती, आता घरातल्या पडद्यातूनही एक वाट निघते. त्या वाटेवर दुकान मांडणाऱ्या पोराला कॉम्प्युटर आपल्याहून जास्त कळतो. पण मालकाशी कसे बोलावे, पावती का ठेवावी आणि उठायची वेळ कशी ओळखावी, हे अजून आपल्याकडूनच शिकायचे असते. ते आपण शिकवले नाही तर कोण शिकवणार?

परवा आपाकडे गेलो. मशिनच्या खणात एक नवी वही दिसली. पहिल्या पानावर पोराच्या अक्षरात तारीख, भरलेले भाडे, उरलेले आठवडे. शेजारच्या रकान्यात आपाची सही. तिला लिहिता येते ते एवढेच, पण रकाना एकही रिकामा नव्हता.